आईच्या कपातली साखर

गेल्या नाताळात सगळ्यांच्या हातात हॉट चॉकलेट होतं आणि आई कोमट पाणी घेऊन बसली होती. तिचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) 6.2 आलं होतं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. "मला नको गं, तुम्ही घ्या," ती म्हणाली. ते मनाला फार लागलं. यंदा सुट्टीच्या तीन आठवडे आधीच मी पातेली काढली.

सुरुवातच चुकली. साखरेऐवजी मध घातला, मसाल्याच्या गरम पेयासाठी नुसता सफरचंदाचा रस घेतला आणि काम झालं असं समजले. मग जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस वाचली. मध, सिरप, फळांचा रस हे सगळं त्यांनी वरच्या साखरेतच धरलंय आणि ती दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं म्हटलंय. पाव लिटर सफरचंदाच्या रसात जवळपास तेवढी साखर असते! आता मी एक भाग रसाला तीन भाग पाणी घेते. दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर ठेवते. सालीचा पांढरा भाग मात्र काढायचाच, तो कडवट असतो. दालचिनीची पूड घालू नका, पेय बुळबुळीत होतं. आणि हे गरमच प्यावं. थंड झालं की गोडी कमी जाणवते.

हॉट चॉकलेट सोपं निघालं. कोको आधी दोन चमचे गरम पाण्यात घोटून घेतला की गुठळ्या राहत नाहीत. चिमूटभर मिठानं कडूपणा दबतो आणि व्हॅनिलाच्या वासानं जीभ निम्मी समजूत काढून घेते. दोन कपांसाठी भिजवलेला एकच खजूर वाटून घालते. त्यातही साखर आहेच, पण दाटपणा येतो.

खरा घाम फोडला एगनॉगनं, म्हणजे दूध, अंडी आणि साखरेच्या नाताळातल्या दाट पेयानं. साखर निम्म्याहून कमी केली आणि नेहमीच्याच आचेवर ठेवलं, तर दुधात अंड्याचे बारीक कण. दोनदा ओतून द्यावं लागलं. साखर गोडीबरोबर अंड्याला उशिरा गोठायलाही लावते, हे तेव्हा कळलं. साखर कमी म्हणजे अंडं लवकर गोठणार. तिसऱ्यांदा थर्मामीटर लावला. जंतूंची भीती जावी म्हणून 71 अंशांच्या पुढे न्यायचंच, पण 75 ला पातेलं खाली. सारखं ढवळत राहिले. लाकडी चमच्याच्या पाठीवर साय धरल्यासारखा थर आला, त्यावर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली. लगेच गाळून थंड पाण्यात पातेलं ठेवलं. जायफळ अगदी शेवटी किसलं.

बिनसाखरेचं म्हणणार नाही मी त्याला. दुधाची स्वतःची साखर 100 मिलीलिटरला 5 ग्रॅमच्या आसपास असतेच. म्हणून आईला छोटा कप, तोही जेवणानंतर. तिच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं.

तिनं दोन घोट घेतले, थोडी थांबली. "जायफळ जरा जास्त झालंय," म्हणाली, आणि कप दोन्ही हातांत धरून बसली.