तीन सभा आणि मुळशीचे पाणी

पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीला जायचे नाही, असे मी दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी जाते. यंदा चांदणी चौकातून पिरंगुट गाठायलाच सव्वा तास लागला, आणि घाटात पोहोचल्यावर गाड्यांमधून वाजणाऱ्या गाण्यांपुढे धबधब्याचा आवाजही ऐकू येईना. घाटाविषयी एवढेच पुरे. सांगायचे आहे ते परतीच्या वाटेवर, मुळशीच्या जलाशयाकाठी एका टपरीत गेलेल्या तासाविषयी.

टपरी म्हणजे चार वासे, निळी ताडपत्री आणि चूल. पंचाहत्तरीच्या आसपासच्या एक आजी भाकऱ्या थापत होत्या. समोर ढग थेट पाण्यावर उतरले होते आणि मी, शहरातून आलेले कोणीही म्हणेल तेच म्हणाले, "किती सुंदर जागा आहे तुमची!" आजींनी मान वर केली नाही. "तुमाला पानी दिसतंय, ताई. आमची आजेसासू हितं बसली की खाचरांची नावं घ्यायची. आंब्याखालचं, देवाचं, मधलं. कुटलं कुटं हुतं ते बोटानं दावायची."

ही खाचरे बुडाली त्याला आता शतक होत आले. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. येथे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि तेथे तयार झालेली वीज मुंबईला न्यायची, अशी ती योजना होती. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने चाचणीसाठी शेतांतून चर खणले, आणि असंतोषाची सुरुवात तेथून झाली. १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली हा लढा १९२४ पर्यंत चालला, आणि तरीही धरण झाले. आज पाण्यापासून मिळणाऱ्या विजेला आपण स्वच्छ म्हणतो. धूर निघत नाही, या अर्थाने ती आहेही.

शाळेत हा सत्याग्रह आम्ही दोन ओळींत शिकलो. त्यात पुण्याचा भाग किती अवघड होता, हे मला फार उशिरा कळले. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे होती. त्यांना नुकसानभरपाई घेऊन मोकळे होणे सोयीचे वाटले, तर कसणाऱ्या कुळांना पैसा नको, जमीनच हवी होती. लढा आतून फुटला तो या भेगेवर. आमच्या शहराने नंतर एका मोठ्या रस्त्याला सेनापतींचे नाव दिले.

आजींना यातले काही सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगत बसले, आणि बोलण्याच्या ओघात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बसवलेल्या सौर पॅनेलची बढाईही मारली. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे आता उन्हावर चालतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान असते. बिल पुष्कळ उतरले, वगैरे. "लगेच बशीवलं?" आजींनी विचारले. नाही, तीन सभा झाल्या, असे मी म्हणाले.

आजींचा भाकरी थापणारा हात थांबला. "तीन सभा? गच्चीपाई?"

आता कबुली देते. दुसऱ्या सभेत हात वर करून विरोध करणारी मीच होते. कारण मी पर्यावरणाशी वा खर्चाशी संबंधित काहीतरी भारदस्त सांगितले होते. खरे कारण इतकेच होते की चैत्रात मी गच्चीवर कुरडया घालते आणि दक्षिणेकडची सगळी उन्हाची बाजू पॅनेलखाली जाणार होती. सौरऊर्जेला माझा विरोध मुळीच नव्हता; नकाशा आधीच काढून आणला होता आणि मला फक्त सही करायला बोलावले होते, याचा राग आला होता. तिसऱ्या सभेत नकाशा बदलला. तीस बिऱ्हाडांच्या गच्चीला जे मिळाले ते या खोऱ्याला मिळाले नव्हते, हे मला चुलीसमोर बसून, पिठल्यात बोटे असताना उमगले, आणि घास काही वेळ गिळवेना.

मग आजींनीच विषय काढला. "आता परत कायतरी मोटं व्हनार म्हनत्यात. खरं हाय?" २०२३ साली राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला आहे: भिवपुरीला १००० आणि मावळात शिरवत्याला १८०० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प. दुपारी सौरवीज जास्त तयार होते तेव्हा ती वापरून खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे, आणि संध्याकाळी घरोघरचे दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. काही वीज या खटाटोपात वाया जाते, पण सूर्य मावळल्यावर दुसरे काय करणार? मी हे सारे ताट-वाटी मांडून समजावले.

"म्हंजे खाली गेल्यालं पानी परत वर आनायचं?"

"हो."

"आनता येतं म्हना की," एवढे बोलून आजी पाण्याकडे पाहत राहिल्या. मग भाकरी उलटली आणि एकदम विचारले, "तुमच्या कुरडयांचं काय झालं?"

पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा मला मोकळा ठेवला आहे, असे मी सांगितले. तेथे टाकीची सावली पडते, त्यामुळे सकाळचे ऊन तेवढे मिळते आणि कुरडया वाळायला दोन दिवस जास्त लागतात. मी अजूनही त्याबद्दल कुरकुरते.

"सोडली ना पर जागा," आजी म्हणाल्या, आणि नको म्हणत असताना तिसरी भाकरी माझ्या ताटात टाकली.