पुण्याहून काश्मीरला ट्रक निघताना: बर्फाची तयारी इथूनच

मार्केट यार्डात येणारं काश्मिरी सफरचंद ऐन हंगामात असतं, तेव्हाच तिकडे बर्फाची सुरुवात होऊ शकते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच खोऱ्यात जोरदार बर्फ पडला होता. त्यामुळे 'डिसेंबरच्या आत परत येऊ' हा हिशोब धरून साध्या तयारीवर गाडी सोडणं धोक्याचं आहे. ज्या ड्रायव्हरने आयुष्यभर खंबाटकी आणि बोरघाट केलाय त्याचा घाटातला हात उत्तम असतो, पण बर्फावर त्यातल्या काही सवयी उलट्या पडतात.

आधी वजनाचं बघू, कारण सगळा खेळ त्यावर आहे. गाडी पुढे ढकलतात ती फक्त ड्राइव्ह एक्सलची चाकं. टायरखाली दाबला गेलेला बर्फ असेल तर त्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ओढ मिळते. सहाचाकी गाडी पूर्ण भरली की १८.५ टन होते आणि त्यातले ११.५ टन ड्राइव्ह एक्सलवर असतात. म्हणजे ओढ २.३ टन. एवढ्यावर ती आठ मीटरला एक मीटर असा चढ जेमतेम चढेल. दहाचाकी २८.५ टनांची, पण मागच्या दोन एक्सलवरच्या २१ टनांपैकी निम्मं वजन डमीवर, म्हणजे इंजिनची ताकद न मिळणाऱ्या एक्सलवर, जातं. ओढ मिळते २.१ टन आणि ओढायचे असतात २८.५ टन. म्हणून ही गाडी चौदा मीटरला एक मीटर एवढ्या चढावरच थांबते. बर्फाचा काचेसारखा थर झाला असेल तर ओढ आणखी निम्मी होते. मोठी गाडी, जास्त चाकं, म्हणून पकड जास्त, हा समज इथे पार चुकतो. बर्फाच्या दिवसांत निवड हातात असेल तर सहाचाकी पाठवा.

डमीला लिफ्ट असेल तर अडलेल्या चढावर ती उचलता येते. सगळं मागचं वजन ड्राइव्ह एक्सलवर येतं आणि गाडी निघते. पण हे साधारण निम्म्या मालापर्यंतच करा. पूर्ण माल असताना डमी उचलली तर कमानपाटे आणि हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) दोन्ही धोक्यात येतात. रिकामी गाडीही वाईटच, मागची चाकं नुसती नाचतात. थोडाच माल असेल तर जड नग केबिनला लावून न ठेवता ड्राइव्ह एक्सलच्या वर रचा.

मग बर्फावर पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या. टायरच्या मापाच्याच हव्यात. १०.०० आर २० आणि २९५/९० आर २० ही मापं जवळची वाटली तरी साखळी घेताना टायरवरचा नंबर दाखवूनच घ्या. सैल साखळी सुटून ब्रेकच्या हवेचा पाइप तोडते. जोडी ड्राइव्ह एक्सलच्या बाहेरच्या दोन टायरांना लावायची. आधी साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. टायरवर टाकताना हुकाचं उघडं तोंड बाहेरच्या बाजूला, टायरपासून लांब राहिलं पाहिजे, नाहीतर ते टायरच्या भिंतीत रुततं. आतलं हूक आधी, बाहेरचं नंतर. मग गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन उरलेली ढिलाई काढा आणि रबरी ताण लावा. पाचशे मीटर ते एक किलोमीटर चालवून पुन्हा थांबा, साखळी बसलेली असते आणि हमखास दोन-तीन कड्या ढिली झालेली असते. ती परत ताणायची. वेग तीसच्या आत ठेवा, आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की लगेच काढा. हे सगळं ड्रायव्हर-क्लीनरकडून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, उन्हात, एकदा करून घ्या. उणे पाचमध्ये, रात्री, सुन्न बोटांनी पहिल्यांदा करायचं हे काम नाही. आणि साखळ्या चढाच्या आधी, सपाटीवर लावायच्या. चढावर अडकल्यावर टायरखाली साखळी सरकवायला जागाच नसते.

डिझेलचं दुखणं वेगळं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते गोठून फिल्टर बंद करतं. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेल फिल्टरमधून जाण्याची हमी उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत आणि हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत असते. पुण्यात टाकी फुल्ल करून, वाटेत तसंच भरत वर नेलेलं डिझेल पहाटेच्या उणे तापमानात दगा देऊ शकतं. जम्मूला पोचताना टाकी पाव राहील असं बघा, आणि पुढचं डिझेल तिथल्या स्थानिक गाड्या भरतात त्या पंपावर घ्या. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. रॉकेल मिसळायची जुनी युक्ती बीएस ६ गाडीला करू नका, पंप आणि सायलेन्सरमधली यंत्रणा दोन्ही खराब होतात. निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर नवा टाका आणि त्यातलं पाणी रोज काढा, कारण ते पाणीही गोठून फिल्टर बंद करतं. टाकीखाली जाळ करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात तो पातळ युरिया उणे ११ ला गोठतो आणि फुगतो. टाकी काठोकाठ भरू नका, दहा टक्के जागा ठेवा. गोठला तरी इंजिन चालू होतं आणि गरम पाणी फिरून तो वितळतो, त्यात पाणी किंवा दुसरं काही घालायचं नाही. रेडिएटरमध्ये मात्र नुसतं पाणी असेल तर ब्लॉक फुटेल. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. नुसतं कूलंट ओतलं तर ते उलट लवकर गोठतं. बॅटरीचा जोर थंडीत बराच कमी होतो, म्हणून जुनी बॅटरी इथेच बदला.

टायरमध्ये पुण्याच्या दुपारी ११० पौंड हवा भरली तर उणे पाचमध्ये ती ९६-९७ वर येते. गळती शोधत बसू नका, सकाळी थंड टायरवर मोजून भरा. पकड वाढावी म्हणून भरलेल्या गाडीची हवा सोडणं चूक आहे, टायरची भिंत तापून फाटते.

तरीही चाक जागेवर फिरलं, तर त्याच क्षणी पाय उचला. फिरणारं टायर खालचा बर्फ वितळवतं, ते पाणी लगेच गोठतं, आणि दहा सेकंदांत भुसभुशीत बर्फाचा गुळगुळीत खड्डा होतो. नंतर कितीही दाबा, गाडी फक्त खाली जाते आणि हाऊसिंग बर्फावर टेकतं. मग वजन टायरवर राहतच नाही. खाली वाकून बघा आणि आधी एक्सलखालचा बर्फ फावड्याने काढा. मग चारही टायरांच्या पुढे दोन-तीन मीटर पट्टा मोकळा करून त्यावर जाड वाळू टाका. चाळीस-पन्नास किलो वाळू गोणीत सोबत असलीच पाहिजे. डिफ लॉक (ड्राइव्ह एक्सलची दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी कळ) असेल तर तो गाडी पूर्ण उभी असताना टाका, स्टिअरिंग सरळ ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच सोडा, आणि बाहेर पडताच लॉक काढा. लॉक टाकून वळण घेतलं तर गाडी सरळच जाते. पुढे-मागे हिसके देऊन काढायचा प्रयत्न चार-पाच वेळांच्या वर नको, क्लच जळाला तर क्रेनशिवाय गत्यंतर नाही.

उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी मंद करणारा ब्रेक) बंद ठेवा. तो फक्त मागच्या चाकांना अडवतो, ती घसरली की गाडी आडवी होते. खालचा गिअर घ्या, न्यूट्रल कधीही नाही.

जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबन ते बनिहाल भागात दरड आणि बर्फ दोन्हींमुळे वाहतूक थांबते, आणि अवजड गाड्यांना बहुतेक वेळा एकाच दिशेने सोडतात. बनिहालच्या पुढे लागणाऱ्या काझीगुंडच्या अलीकडे-पलीकडे रात्र काढावी लागेल असं धरूनच खाणं आणि पांघरुणं द्या. इंजिन चालू ठेवून झोपायचं असेल तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे दर तासाला उतरून बघावं लागतं. केबिन बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, विषारी वायू वासाशिवाय जीव घेतो.

मुक्कामाला लागण्याआधी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी काढा, त्या हवेतली ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज निघण्यापूर्वी नवं टाका. सपाट जागा असेल तर रात्री हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. हँडब्रेक लावला तर ब्रेकचे ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात, आणि सकाळी ड्रायव्हर गाडी बर्फात अडकली समजून रेस देत राहतो. तसं झालं तर ड्रमवर हातोडीचे हलके ठोके द्या, लायनर सुटतो.