किंबर्ली अपडेट: फ्रीज रात्री का बंद पडत होता ते सापडलं!!

सापडलं एकदाचं! आम्ही आईला घेऊन पर्थहून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, किंबर्लीला गाडीने जायची तयारी करतोय, आणि गाडीतला फ्रीज रात्री आपोआप बंद पडत होता. मागचं अपडेट ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, लॅन्सेलिनला (पर्थच्या उत्तरेचं समुद्रकाठचं गाव) गेलो त्या वीकेंडला पहाटे बघितलं तर फ्रीजचा डिस्प्ले बंद, आत 14 डिग्री, आणि सेकंड बॅटरी (फ्रीजसाठीची वेगळी) मात्र 12.4 व्होल्ट दाखवतेय. म्हणजे त्या एजीएममध्ये (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक आहे आणि फ्रीज म्हणतोय व्होल्टेज लो. तेव्हापासून सगळं तिथेच अडून बसलं होतं, ना बुकिंग ना पास ना काही, कारण यावेळी आई बरोबर आहे आणि फ्रीजमध्ये तिचं इन्सुलिन असणार. दूध नासलं तर काळा चहा पिता येतो, पण डर्बी सोडल्यावर गिब रिव्हर रोड या बहुतेक कच्च्या रस्त्याच्या त्या साडेसहाशे किलोमीटरमध्ये मेडिकलचं दुकान नाहीये.

तर झालं काय ते नीट लिहितो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गाडीत हेच वायरिंग असणार याची मला खात्री आहे.

सगळ्यांचा पहिला संशय बॅटरीवर होता. लोड टेस्ट करून आणली, ठणठणीत. मग डीसी-डीसी चार्जर (चालू गाडीतून सेकंड बॅटरी चार्ज करणारा), तर गाडी चालू असताना बॅटरीला 14.4 व्यवस्थित पोचतायत. मग फ्रीज. तो घरात मेन्सवर रात्रभर चालवला, काही नाही. मग तीच सेकंड बॅटरी गाडीतून काढली, गॅरेजमध्ये जमिनीवर ठेवली आणि फ्रीज क्लिप लावून थेट तिला जोडला, तर पठ्ठ्या सकाळपर्यंत 4 डिग्री धरून बसला. म्हणजे बॅटरी चांगली, फ्रीज चांगला, आणि दोष मधे कुठेतरी.

आता गंमत बघा, गाडीच्या मागच्या सॉकेटवर, जिथे फ्रीज लावतो तिथे, मल्टीमीटर लावला की 12.6. अगदी छान. ग्रुपवर मी तोच फोटो टाकलेला. पण तेव्हा सॉकेटला काहीच जोडलेलं नव्हतं, आणि वायरमधून करंट जात नसेल तर व्होल्टेज पडणार तरी कसं, केसाएवढ्या वायरच्या टोकालाही 12.6च दिसेल. मोजायचं ते फ्रीज चालू असताना, कॉम्प्रेसर घरघरत असताना. म्हणून जुन्या स्पीकर वायरने मीटरची एक लीड लांब केली, तिचं टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरी लीड सॉकेटच्या मधल्या पिनवर. यात मीटर सरळ तेवढ्या तुकड्यात किती व्होल्ट खाल्ले जातायत तेच दाखवतो, वजाबाकी करायची गरज नाही. प्लसच्या बाजूला 0.38. मायनसच्या बाजूला 0.29. एकूण 0.67 व्होल्ट फक्त वाटेत जळत होते! रात्री बॅटरी 12.4 वर आली की फ्रीजला मिळणार 11.73, आणि माझ्या फ्रीजचं बॅटरी प्रोटेक्शन (बॅटरी फार उतरू नये म्हणून फ्रीज बंद करणारी सेटिंग) हायवर 11.8 ला कट करतं. दिवसा गाडी चालू असताना 14 मधून 0.67 गेले तरी सव्वातेरा उरतात म्हणून दिवसा कधीच काही कळलं नाही. बरोबर हिशोब जुळला, आणि त्या क्षणी जो आनंद झाला तो काय सांगू, बायकोला गॅरेजमध्ये बोलावून मीटर दाखवला.

मग मागचं पॅनल उघडलं. वायरच्या आवरणावर छापलंय 4 एमएम. आता भारतात आपण इलेक्ट्रिशियनला ‘चार स्क्वेअरची वायर टाक’ म्हणतो तेव्हा ते तांब्याचं क्षेत्रफळ असतं. इथे ऑटो केबलचा 4 एमएम म्हणजे प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास! आतलं तांबं दोन स्क्वेअरसुद्धा भरत नाही. तशी वायर पुढच्या बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत पाच मीटर जाणार आणि पाच मीटर परत येणार, म्हणजे दहा मीटर, नुसत्या तांब्याचाच रेझिस्टन्स 0.09 ओहमच्या पुढे गेला, आणि फ्रीज ओढणार पाच अँपिअर. उरलेलं सिगरेट लायटर सॉकेटमध्ये आणि क्रिम्पमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला जोड). निळा क्रिम्प बोटाने फिरवला तर फिरत होता, आणि सॉकेटच्या मधल्या पिनभोवतीचं काळं प्लास्टिक मऊ होऊन तपकिरी पडलेलं. हे काम जिथे करून घेतलं त्या दुकानाने बिलात ‘हेवी ड्युटी’ लिहिलंय. मला याचा खरंच राग आला, कारण हे नॉर्थला जाणाऱ्या गाडीचं काम आहे असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

बऱ्याच जणांनी सुचवलं की प्रोटेक्शन लोवर टाक, विषय संपला. मला ते पटत नाही. कॉम्प्रेसरला लागणारी पॉवर साधारण तेवढीच राहते, व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की वायरमध्ये अजून पडतं आणि ते तपकिरी प्लास्टिक अजून तापतं. वर एजीएम रोज खोलपर्यंत उपसली तर तिचं आयुष्य कमी होणार ते वेगळंच.

तर सगळं उपटून नवीन टाकलं. 8 बी अँड एस मापाची (केबलच्या जाडीचं माप) जोडकेबल, आत जवळपास आठ स्क्वेअर तांबं. मायनस बॉडीला न देता थेट बॅटरीपर्यंत परत आणला, बॅटरीपाशीच फ्यूज, फायरवॉलमधून जाताना रबर ग्रोमेट, पुढे पूर्ण लांबी कंड्युइटमध्ये, आणि मागे सिगरेट सॉकेटला कायमची रजा देऊन 50 अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा घट्ट बसणारा जोड). क्रिम्पसाठी हायड्रॉलिक क्रिम्पर घेतला, साधाच, स्वस्तातला, पण त्यातून निघालेला षटकोनी क्रिम्प बघून डोळे निवतात, ओढून बघितला तरी हलत नाही. सोल्डर मुद्दाम नाही केलं. सोल्डर केबलमध्ये वर शोषलं जातं, तेवढा भाग कडक होतो, आणि कॉरुगेशन्सवर (कच्च्या रस्त्यावरच्या नालीदार लाटा) तासन्‌तास हादरे बसले की त्या कडक भागाच्या टोकाशी तारा तुटतात. केबल इथल्या एका मरीन सप्लायवाल्याकडून घेतली, टिन्ड कॉपर (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं), थोडी महाग पडली पण ऑनलाइन मार्केटप्लेसवरच्या बिननावाच्या केबलपेक्षा मी परत इथेच जाईन.

आता फ्रीज चालू असताना प्लस-मायनस मिळून 0.12! नुसता फॅन ऐकत बसलो होतो. टेस्टही जरा कडक घेतली, गॅरेज बंद करून आत हीटर लावून पस्तीसच्या आसपास ठेवलं, कारण पर्थच्या थंडीत फ्रीजला काही कामच नसतं आणि तिथे दुपारी गाडी उन्हात तापणार. सकाळी डिस्प्ले चालू, मधल्या थर्मामीटरवर 4, कट एकदाही नाही.

थर्मामीटर मधे का तर इन्सुलिन गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, हे गरम होण्याइतकंच वाईट. साठा 2 ते 8 मध्ये पाहिजे आणि फ्रीजच्या थंड भिंतीला टेकता कामा नये, म्हणून डबा मधल्या जाळीत, भोवती टॉवेल. वापरातलं पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण तेही 25-30 डिग्रीच्या खालीच, नेमकी मर्यादा प्रत्येक इन्सुलिनच्या पत्रकात बघायची. आणि हे लिहिता लिहिताच ठरलं की सगळा साठा एका फ्रीजच्या भरवशावर ठेवायचाच नाही. ते पाण्यात भिजवून वापरायचे कूलिंग पाउच मिळतात ना, आतल्या दाण्यांचं जेल होतं आणि पाणी उडत राहतं तसं आतलं गार राहतं, आपल्या माठासारखं, त्यातला एक आजच मागवतो. ड्राय सीझनमध्ये (पाऊस नसलेले महिने) तिकडे आतल्या भागात हवा कोरडी असते त्यामुळे ते चांगलं चालायला पाहिजे. पाउच फ्रीजइतकं गार करत नाही, पण पेन त्यात राहील आणि फ्रीज गेलाच तर साठाही थोडे दिवस सांभाळता येईल.

दुसरी गोष्ट सोलरची. माझं फोल्डिंग पॅनल 120 वॉटचं, रेग्युलेटर (बॅटरीला जाणारं व्होल्टेज सांभाळणारा) पॅनलच्या मागेच चिकटवलेला आणि पुढे दहा मीटरची बारीक लीड. म्हणजे गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता यावं ही सोय, पण रेग्युलेटर पॅनलपाशी 14.4 देतो आणि बॅटरीपर्यंत पोचेतो त्यातले किती उरतात देव जाणे! तोच रोग. तर रेग्युलेटर तिथून काढून बॅटरीपाशी आणायचा, म्हणजे लांब वायरमधलं नुकसान त्याच्या आधीच होईल, पॅनल तसंही सतरा-अठरा व्होल्ट देतं, आणि रेग्युलेटर बॅटरीला जे पाहिजे ते समोरासमोर बघून देईल. आधी दुसरं पॅनल घ्यायचा विचार होता, तो आता रद्द, याच पॅनलमधून नीट काढू.

फ्रीज सुटला म्हणून काल रात्री हेमा कंपनीचा कागदी नकाशा परत जेवणाच्या टेबलावर पसरला (ॲप आहेच फोनमध्ये, पण आईला बोट ठेवून दाखवायला कागदच पाहिजे). पर्थ ते ब्रूम हायवेने, मग डर्बी. डर्बीला बोआब झाडं बघायची म्हणून ती आत्तापासून खूश आहे, आई वसईची, गोरखचिंच लहानपणापासून बघितलेली, आणि बोआब त्याच कुळातला. तिथून विंजाना गॉर्ज (गॉर्ज म्हणजे खोल घळ), नेपियर रेंजचा तो चुनखडीचा कडा, जो कोट्यवधी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात समुद्रातली रीफ होता. टनेल क्रीकमध्ये अंधारात पाण्यातून चालावं लागतं म्हणून तिथे बायको आणि मी आळीपाळीने जाऊ. पण तिथे जायचंच आहे, बुनुबा या मूळ रहिवासी लोकांचा लढवय्या जंडामारा तिथे लपून राहायचा आणि 1897 मध्ये तिथेच मारला गेला, ती सगळी गोष्ट आईला आधी सांगून ठेवलीये. बेल गॉर्जची उतरण तिला जमणार नाही, त्याऐवजी गॅल्वन्स गॉर्ज, रस्त्यापासून थोडंच चालणं आणि शेवटी धबधबा.

मिचेल फॉल्स मी प्लॅनमधून काढून टाकला होता. कालुंबुरू रोडने वर ड्राइसडेल रिव्हर स्टेशन, तिथून पुढे मिचेल प्लॅटोला जाऊन परत ड्राइसडेलपर्यंत साधारण पावणेचारशे किलोमीटर, सगळा रस्ता अंग खिळखिळं करणारा, आणि कॅम्पवरून फॉल्सपर्यंत दगडांमधून चालायचं ते जाऊन-येऊन साडेआठ किलोमीटरच्या आसपास. बहात्तर वर्षांच्या बाईला हे नको. पण नकाशा बघता बघता बायको म्हणाली, अरे लोक तिथे हेलिकॉप्टरने एका बाजूने चालणं वाचवतात, मग आईंना दोन्ही बाजूंनी हेलिकॉप्टर का नाही? खरंच का नाही! त्यामुळे मिचेल परत आत. ड्राइसडेलला आईसाठी खोली घ्यायची, एक दिवस तिथे पूर्ण आराम, मग किंग एडवर्ड रिव्हरच्या कॅम्पला मुक्काम, तिथली मुनुरूची मूळ रहिवाशांची जुनी खडकचित्रं जवळच आहेत, वांजिना आणि ग्विऑन ग्विऑन या दोन्ही शैलींची. त्यासाठी उंगू व्हिजिटर पास काढायचा, तो पैसा तिथल्या मूळ रहिवासी वुनांबल गांबेरा लोकांकडेच जातो, तेव्हा कोणी टाळू नका.

तारखा जूनच्या. मे महिन्यात पाणी भरपूर असतं पण रस्ते उघडण्याची खात्री नाही, जुलैच्या शाळांच्या सुट्टीत कॅम्प भरलेले, आणि सप्टेंबरपर्यंत धबधब्यांची नुसती बारीक धार उरते. बुकिंग या आठवड्यात टाकतोय.

टायर लाइट ट्रक कन्स्ट्रक्शनचे (जास्त मजबूत बांधणीचे) घेतले, स्पेअर दोन, प्लग किट आणि कॉम्प्रेसर. डर्बीनंतर डांबर संपलं की प्रेशर 28 पीएसआयवर आणून वेग कमी ठेवायचा, यावर माझं मत ठाम आहे, टायर फुटण्याच्या बहुतेक गोष्टींमागे वेग असतो. पीएलबी (संकटात सॅटेलाइटवरून मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संस्थेकडे रजिस्टर केला, त्यात ट्रिपचा मार्ग आणि आईचं औषध दोन्ही लिहिता आलं. पेंटेकॉस्ट नदी ओलांडताना उतरून पाणी तपासायचं नाही, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, थांबून समोरची गाडी कुठून जाते ते बघायचं आणि मगच घालायची.

रेग्युलेटर हलवायचं काम शनिवारी. पॅनलमागून तो उचकटताना जंक्शन बॉक्सला धक्का लागेल अशी भीती वाटतेय, सिलिकॉनने पक्का चिकटवलाय. कोणी केलं असेल तर सांगा, गरम हवेने सैल होतो का पातळ वायरने कापत काढावा लागतो?