थानोस मॅडम आणि तेरा मायक्रॉन

धाकट्या शेठनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा वाटलं डिस्पॅच लेट झाल्याबद्दल बोलणी खायची आहेत. निघालं भलतंच. "तुम्ही ते सुपरहिरोंचे पिक्चर बघता ना? मग मशीन शॉप आणि क्वालिटीचं टीम बिल्डिंग तुम्हीच घ्या. चार शनिवार. प्रोजेक्टर मी देतो."

मी प्लॅनिंगला. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं पन्नासेक माणसांचं शॉप. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून पंपाच्या बॉडीची कास्टिंग येतात, त्यांचं बोअरिंग, फेसिंग, ड्रिलिंग करून आम्ही पुढं पाठवतो. गेले चार महिने एकाच गोष्टीवर रण माजलेलं. मशीन शॉप म्हणायचं बोअर, म्हणजे बॉडीतलं कापलेलं गोल भोक, साइजमध्ये आहे, क्वालिटी दुसऱ्या दिवशी त्याच पीसला नापासाचा लाल टॅग लावायची. मधे मी. गाडी गेटवर उभी आणि माल दोन खात्यांच्या मधल्या पट्ट्यात पडून.

पहिल्या शनिवारी मी हौसेनं विचारलं, तुम्ही स्वतःला कोणता हिरो समजता? बावीस जणांत अकरा आयर्न मॅन निघाले. मशीन शॉपचे फोरमन मामा म्हणाले, "हल्क. बोलाय लागत न्हाई." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "क्वालिटीच्या मॅडम थानोस! चुटकी वाजवली की अर्धा लॉट गायब!" थानोस म्हणजे चुटकीसरशी अर्धं विश्व नाहीसं करणारा, रेघारेघांच्या हनुवटीचा व्हिलन. सगळे खो-खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. वालचंदमधून इंजिनिअर होऊन आलेली पंचविशीची मुलगी ती, वहीत काहीतरी लिहीत बसली. सोमवारी क्वालिटीच्या दारावर मार्करनं मोठ्ठी, रेघारेघांची हनुवटी काढलेली होती. आधी दोन खात्यांत नुसतं भांडण होतं. माझ्या टीम बिल्डिंगनं त्याला टोपणनाव दिलं.

दुसरा शनिवार शेठनी स्वतः घेतला. २०१२ च्या पहिल्या 'अव्हेंजर्स'मध्ये हिरोंना गोळा करणारा फ्युरी, त्याचा मेलेला माणूस कोलसन याची कॅप्टन अमेरिकाच्या चित्रांची, रक्तानं माखलेली कार्डं टेबलावर टाकतो, ती त्याच्या खिशात होती म्हणतो, आणि त्यानंतर विखुरलेली मंडळी लढायला उभी राहतात. हा सीन शेठना फार आवडलेला. दिवे घालवून दाखवला आणि जड आवाजात म्हणाले, "कस्टमर काम काढून घेतोय. आता तरी एक व्हा." दोन मिनिटं सगळे गप्प.

शेठ एक विसरले. त्याच पिक्चरमध्ये लगेच फ्युरीची सहकारी मारिया हिल त्याला विचारते, की कार्डं तर कोलसनच्या लॉकरमध्ये होती ना? म्हणजे रक्तही फ्युरीनंच लावलेलं. तिथं ते खपलं, कारण कॅप्टन अमेरिका आणि टोनीला, म्हणजे आयर्न मॅनला, कळलं नाही. पन्नास माणसांच्या शॉपमध्ये काय लपतंय? सोमवारी कस्टमरचं पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल आलं, आकडा आधीपेक्षा वाढलेला. प्रिंट माझ्या टेबलावरच होती. मामा चहाला आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, कागद होता तसा ठेवला. "आमाला काय बालवाडीतली पोरं समजलाय व्हय, लगा?" एवढंच म्हणून गेले.

तिसऱ्या शनिवारी सात जण आले. त्यातले चार एसीसाठी.

त्या रात्री विश्रामबागेतल्या घरी, बायको-पोरं झोपल्यावर, मी तोच पिक्चर परत लावला. हेलिकॅरियरवरच्या, म्हणजे त्यांच्या उडत्या जहाजावरच्या, लॅबमधलं भांडण मी दहा वेळा तरी बघितलेलं आहे. टोनी कॅप्टनवर, कॅप्टन टोनीवर, थॉर सगळ्यांवर, फ्युरी थॉरवर. जो तो मुद्द्याचं बोलतोय आणि ऐकत कुणीच नाही. मग कॅप्टन बॅनरला, म्हणजे हल्क व्हायच्या आधीच्या माणसाला, सांगतो, तो राजदंड खाली ठेव. बॅनर स्वतःच्या हाताकडे बघतो. व्हिलन लोकीचा राजदंड आपण कधी उचलला, हे त्याचं त्यालाच माहीत नाही. भांडण पेटवणारी ती वस्तू भांडणभर त्याच खोलीत होती. मी पॉज केला. आमच्या भांडणाच्या खोलीत काय पडलेलं असतं? मनात आलं ते बोअर गेज, बोअरचा व्यास मोजायचं साधन.

सोमवारी मी मामा आणि मॅडमच्या पाया पडून पंधरा मिनिटं मागितली. प्रोजेक्टर नाही, काही नाही. बोअर ८० मिलीमीटरचा, सूट एच सेव्हन, म्हणजे ८० वर शून्य ते अधिक ३० मायक्रॉन चालतात; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. मामांनी मशीनवरून नुकताच उतरलेला पीस मोजला: अधिक पाच. पास. मॅडमनी तोच पीस, तिथंच, स्वतःच्या गेजनं मोजला: अधिक चार. तीही पास. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चार महिन्यांत ते एका पीसवर एका वेळी कधी उभेच राहिले नव्हते.

गेज निर्दोष सुटलं, माझी थिअरी पडली. मी ओशाळून चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, तरी मामा आणि मॅडम, गेज जुळवायची रिंग, म्हणजे रिंग गेज, कुणाचं खरं यावर बोलतच होते. तासभर गेला असेल. मॅडमनी बोलता बोलता पीसवर हात ठेवला आणि थांबल्या. "मामा, हा गार झाला." परत गेज घातलं. उणे आठ.

कास्ट आयर्न आम्ही कोरडंच चालवतो, कूलंट नाही. पीस उतरतो तेव्हा हाताला चांगला गरम लागतो. ८० मिलीमीटरचा बोअर एका अंशाला जवळजवळ एक मायक्रॉन फुगतो. पंधरा अंशांचा फरक धरा, तेरा मायक्रॉन गेले. त्यात ऑपरेटरची जुनी सवय: बोअर खालच्या लिमिटला ठेवायचा, कारण लहान राहिला तर रीवर्क होतो, मोठा झाला तर थेट भंगार. गरम असताना काठावर पास झालेला पीस रात्रभरात निवून लिमिटच्या खाली जाणारच. मामा खरं सांगत होते. मॅडमही खरंच सांगत होत्या.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग काय, दरवेळी तासभर मशीन हुबं करू?" हा प्रश्न रास्त होता. मशीन थांबवायचं नाही, टार्गेट वर न्यायचं, असं ठरलं: गरम पीस अधिक पंचवीसच्या आसपास काढायचा, गार झाल्यावर तो मधोमध येतो. इथं मामा अडून बसले होते, कारण टिप, म्हणजे कापणारं टोक, नवी बसवली की ती थोडी झिजेपर्यंत पहिले दोन पीस लिमिटच्या वर जायची भीती. मॅडम म्हणाल्या, ते दोन पीस बाजूला काढून गार करा, माझ्यासमोर मोजू, भंगार झाले तर रिपोर्टवर सही माझी. त्या एका वाक्यानं काम झालं, माझ्या तीन शनिवारांनी झालं नव्हतं ते. सही म्हणजे शेठची बोलणी कोण खाणार, हे शॉपमध्ये सगळ्यांना कळतं.

दुसरं म्हणजे क्वालिटीचा एक माणूस जनरलऐवजी सकाळी सातच्या शिफ्टला आला. आधी पहिला पीस पास करायला दीड तास कुणी नसायचंच. न्यूयॉर्कच्या लढाईत कॅप्टन काय करतो? तू छतावर, तू कडेनं, तू वरच्या दारापाशी, आणि हल्कला एकच शब्द. एकजुटीवर अवाक्षर नाही. फळ्यावर मी तसंच लिहिलं: कोण, कुठं, किती वाजता.

चौथ्या शनिवारसाठी २०१५ आणि २०१६ च्या पिक्चरवर माझ्या बावीस स्लाइड तयार होत्या, टोनीनं कुणाला न सांगता अल्ट्रॉन हा रोबो बनवण्यापासून ते हिरोंमध्ये दोन तट पडण्यापर्यंत. त्या पेन ड्राइव्हमध्येच राहिल्या. त्या दिवशी अडकलेला लॉट गाडीत भरायचा होता. भरून झाल्यावर डिस्पॅचच्या टेबलावर पेपर पसरून भडंग ओतलं, वर कांदा. पिक्चरच्या अगदी शेवटी सगळे हिरो शोर्मा खात बसतात ना, कुणी कुणाशी न बोलता, तस्सं.

लाल टॅग अजून लागतात, आणि दारावरची हनुवटी पुसलेली नाही. मॅडमनीच नको म्हटलं. परवा टिप बदलली होती. मामा सरफेस प्लेटवर ठेवलेल्या पीसवर तळहात टेकवून उभे होते, आजारी पोराचा ताप बघावा तसे. मग क्वालिटीच्या दाराकडे तोंड करून हाळी दिली, "थानोस मॅडम, गार झालाय. या!"