ग्लुकोजचे अ‍ॅसिटिलेशन आणि दोनदा वितळणारे सोडियम अ‍ॅसिटेट

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ग्लुकोजच्या पाच हायड्रॉक्सिल (OH) गटांवर अ‍ॅसिटिल गट बसवून, म्हणजे अ‍ॅसिटिलेशन करून, बीटा ग्लुकोज पेंटाअ‍ॅसिटेट तयार करण्याचा प्रयोग माझ्या वाट्याला आला, तेव्हा कृती वाचून मी निर्धास्त होतो. 5 ग्रॅम ग्लुकोज, 4 ग्रॅम निर्जल सोडियम अ‍ॅसिटेट आणि 25 मिलिलिटर अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड वॉटर बाथवर अडीच तास तापवायचे आणि मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतायचे, एवढेच काम होते. अ‍ॅनहायड्राइडची बाटली मात्र कुलुपातून, नोंदवहीत सही करून मिळाली, कारण ते नियंत्रित रसायन आहे.

घोटाळा त्याआधीच, सोडियम अ‍ॅसिटेट निर्जल करण्यासाठी वितळवताना झाला. बाटलीतले स्फटिक पोर्सेलिनच्या बशीत तापवले, ते लगेच पातळ झाले, पुन्हा घट्ट होताच मी ते खलात घालून कुटले आणि वापरले. अडीच तासांनी बर्फाच्या पाण्यात ओतल्यावर बीकरच्या तळाशी चिकट, पिवळसर काकवी बसली. काचकांडीने कितीही घासले तरी तिचे स्फटिक होईनात.

हिशेब मांडल्यावर चूक उमगली. स्फटिकी सोडियम अ‍ॅसिटेट 58 अंश सेल्सिअसला वितळते ते स्वतःच्याच पाण्यात. ते पाणी उडून गेल्यावर राहिलेला पांढरा घन पदार्थ तीनशे अंशांच्या वर पुन्हा वितळतो, आणि ही दुसरी वेळ आली की मगच ते कोरडे झाले म्हणायचे. माझ्या 4 ग्रॅममध्ये सुमारे 1.6 ग्रॅम पाणी होते, आणि तेवढे पाणी 27 ग्रॅम अ‍ॅनहायड्राइडपैकी 9 ग्रॅम फस्त करते. ग्लुकोजच्या पाच हायड्रॉक्सिल गटांना 14 ग्रॅम लागतात, म्हणजे कागदावर पुरेसे उरत होते, पण हाताशी हवे ते आधिक्य जवळजवळ संपले होते.

दुसऱ्या खेपेस मी बर्नरची ज्योत कमी ठेवून, ढवळत, दुसऱ्यांदा वितळेपर्यंत धीर धरला, कारण जास्त तापवले तर अ‍ॅसिटेट करपते. वितळलेला पदार्थ घट्ट होताच, गरम असतानाच त्याची पूड केली आणि हवेतली ओल आत जाऊ नये म्हणून कंडेन्सरच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची नळी लावली. या वेळी 250 मिलिलिटर बर्फाच्या पाण्यात ओतल्यावर आधी तेलकट थेंब दिसले खरे, पण दहा मिनिटे ढवळताच ते पांढऱ्या कणांत बदलले. बुखनर फनेलवर गाळून, व्हिनेगरचा वास जाईपर्यंत थंड पाण्याने धुऊन, इथेनॉलमधून पुनःस्फटिकीकरण केले, तेव्हा 7.4 ग्रॅम बारीक सुया हाती आल्या. सैद्धांतिक उत्पादन 10.8 ग्रॅम असल्याने हे 68 टक्के झाले.

पदार्थ शुद्ध आहे का हे पाहण्यासाठी केलेल्या टीएलसीची (पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीची) प्लेट अतिनील दिव्याखाली कोरीच दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण या अ‍ॅसिटेटमध्ये तो प्रकाश शोषणारा भाग नसतोच. सौम्य सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवल्यावर एकच काळा ठिपका उमटला. आता प्रश्न पेंटाअ‍ॅसिटेटच्या दोन रूपांपैकी हे अल्फा की बीटा, एवढाच होता. सोडियम अ‍ॅसिटेटऐवजी झिंक क्लोराइड वापरले असते तर अल्फा मिळून द्रवणांक 112 च्या आसपास आला असता; माझ्या केशनळीतल्या सुया 130 अंशांपर्यंत तशाच उभ्या राहिल्या आणि 131 ला वितळल्या.