पॅटर्नच्या सुतारकामातून रायफलच्या दस्त्यापर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये आज रायफलचे लाकडी दस्ते घडतात. नळी, बोल्ट (काडतूस भरताना हातानं मागे-पुढे सरकवायचा दांडा), ट्रिगर यातलं काही आम्ही बनवत नाही. ते कारखान्याचं काम. गिऱ्हाईक आपली परवान्याची रायफल घेऊन येतं आणि तिच्या लोखंडाला आणि त्याच्या खांद्याला बसेल असं लाकूड आम्ही करून देतो. हौशी माणूस बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल स्वतःची करून घेतो ती मुख्यतः लाकडात. आणि हे काम बेळगावसारख्या गावातच नीट होऊ शकतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण बेळगाव हे फौंड्रीचं गाव. माझे बाबा पॅटर्नमेकर. ओतकामाआधी वाळूत जो साचा उठवायचा, त्याचा लाकडी नमुना करणारे. पंपाचं केसिंग असो की गिअरबॉक्सचं झाकण, आधी ते सागवानात घडायचं. बिडाचा रस थंड होताना साधारण एक टक्का आकसतो, म्हणून मीटरभर लांबीच्या जॉबला पॅटर्न सेंटीमीटरभर मोठा करावा लागतो. त्यासाठी बाबांकडे वेगळी कॉन्ट्रॅक्शन स्केल असायची, तिच्यावरचा प्रत्येक मिलीमीटर मुळातच किंचित मोठा. शिवाय पॅटर्न वाळूतून न फाटता वर यावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला थोडा उतार द्यायचा. हे सगळं रंधा, पटाशी आणि कानशीनं. लाकडाला लोखंडाच्या मापात आणणारी अशी सुतार मंडळी शहापूर, वडगाव, अनगोळ भागात घरोघर होती.

पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न मशीनवर कापून मिळू लागले आणि लाकडाचं काम आटत गेलं. बाबांच्या हाताखालचे कारागीर फर्निचरकडे वळले, काही गोव्याला गेले. शेड विकून टाकावी असं घरात बोलणं सुरू झालं होतं.

त्याच सुमारास रायफलीचं काम आलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर, बेकिनकेरे, कुठल्याही गावात जा, पेन्शनर फौजी भेटणारच. बरेच जण निवृत्तीनंतर परवाना काढून बारा बोअरची छर्‍याची बंदूक घेतात आणि बँकेत गार्ड म्हणून लागतात. ज्यांना रायफलच हवी ते .315 घेतात, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची. घडण ली-एनफिल्ड या जुन्या फौजी रायफलीचीच, फक्त काडतूस वेगळं, कारण तिचं मूळचं .303 नागरिकांना ठेवता येत नाही. शहरातल्या एका परवानाधारक बंदूक दुकानदारांना अशा एका .315 चा फुटलेला दस्ता करून हवा होता. फर्निचरवाल्यानं केलेला बसेना. ते बाबांकडे आले. बाबांनी त्यांच्या दुकानात बसून, रायफल समोर ठेवून दस्ता केला. पहिल्याच खेपेला तो रायफलीच्या लोखंडी खोबणीत असा गेला की दुकानदार काका म्हणाले, "मास्तर, हे काम सोडू नका."

आम्ही ते धरलं, पण रीतसर. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे नुसत्या दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत आम्ही त्या दुकानातच बसून काम केलं, एकही हत्यार शेडमध्ये आणलं नाही. आज आमच्याकडे लोखंडी कपाट आहे, रजिस्टर आहे, आणि आलेल्या प्रत्येक रायफलीचा नंबर, मालकाचा परवाना आणि परत नेल्याची सही त्यात आहे. या धंद्यात रजिस्टर हेच तुमचं नाव. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लोकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हा महिना-दोन महिने काम थांबतं. ते आम्ही धरूनच चालतो.

लोखंडाची बाजू मला शिकवली ती फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, राहिलेल्या एका हवालदार मामांनी. ली-एनफिल्डचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता आतून जाणाऱ्या लांब स्क्रूसारख्या बोल्टनं आवळलेला, पुढचं लाकूड वेगळं. मामांचा पहिला धडा हाच, की जुन्या नंबर वन बनावटीच्या ली-एनफिल्डमध्ये आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मगच मागच्या बोल्टला हात लावायचा. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, उलट क्रमानं फिरवलात तर पुढचं लाकूड चिरतं. दुसरा धडा धक्क्याचा. गोळी सुटते तेव्हा लोखंड मागे येतं आणि तो सगळा मार लाकडातल्या दोन छोट्या खांद्यांवर बसतो. ते दबले, तेल पिऊन मऊ झाले, की नळी कितीही चांगली असू दे, गोळ्या पसरणारच.

हे ऐकताना मला बाबांचं कामच ऐकतोय असं वाटलं. लाकूड आणि लोखंड यांच्यात कुठे टेकवायचं आणि कुठे जागा सोडायची, एवढाच दोन्हीकडे प्रश्न.

आमचं सगळ्यात मनासारखं काम गोकाकच्या एका डॉक्टरांचं. आजोबांकडून वारसाहक्कानं परवान्यावर आलेली माउजर या जर्मन घडणीची रायफल, दस्त्याला वाळवी लागलेली. त्यांना दस्ता नुसता करून घ्यायचा नव्हता, होईल तितका स्वतःच्या हातानं करायचा होता. रविवारी यायचे. आमचे शिवाप्पा अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये, मी मराठीत, आणि लाकडावर तिघांचे हात.

फळी काश्मिरी अक्रोडाची घेतली. अक्रोड हलका, पण कोरलं तर कड तुटत नाही. आपलं सागवान टिकाऊ खरं, पण त्यात रेतीसारखा कण असतो, पटाशीची धार लगेच जाते, आणि अंगचं तेल असल्यामुळे चिकटकामाला तेवढं दाद देत नाही. शिसव देखणी, पण जड. फळी घेताना मी रेषांची नक्षी शेवटी बघतो. आधी बघतो मुठीच्या जागी रेषा कशा चालल्यात. मूठ म्हणजे दस्त्याची सगळ्यात बारीक जागा, तिथे रेषा आडव्या कापल्या गेल्या की एक दिवस ती तिथेच मोडते.

मग लोखंड लाकडात उतरवायचं. माउजरच्या पुढच्या भागाखाली एक आडवा ठोकळा असतो, रिकॉइल लग. त्याची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकली पाहिजे. पुढे, बाजूला आणि खाली मात्र कागदाएवढी फट हवी. आम्ही दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडाला लावतो, ते खाचेत बसवून हलकेच दाबतो आणि उचलतो. जिथे काळा ठिपका उमटला तेवढीच जागा पटाशीनं खरवडायची. पुन्हा लावायचं, पुन्हा उचलायचं. डॉक्टरांना सुरुवातीला वाटलं हे दुपारपर्यंत उरकेल. पुढे तेच मला सांगायला लागले, "अजून एक ठिपका आहे, थांबा." शेवटी लगच्या मागे आणि स्क्रूंच्या भोवती इपॉक्सीचा पातळ थर दिला. लोखंड चिकटू नये म्हणून त्याला आधी मेण चोळलं.

नळी मात्र लाकडाला कुठेच टेकू द्यायची नाही. कागदाची पट्टी नळीखालून टोकापासून काडतूस बसतं त्या खोलीपर्यंत मोकळी सरकली पाहिजे. आमच्या भागात याला फार महत्त्व आहे. खानापूर-चंदगडकडचा पाऊस लाकूड फुगवतो, फुगलेलं लाकूड नळीला एका अंगानं ढकलतं, आणि मे महिन्यात नेम बरोबर असलेली रायफल ऑगस्टमध्ये भलतीकडे मारते. म्हणून आम्ही आतली खाच आणि बटप्लेटखालचं (दस्त्याच्या मागच्या पट्टीखालचं) कापलेलं टोक आधी सील करतो. बाहेरची चमक नंतर.

फिनिश जवसाच्या तेलाचं. घासून झाल्यावर दस्ता ओल्या फडक्यानं पुसायचा, लाकडाचे रेशे उभे राहतात, वाळल्यावर ते बारीक पेपरनं कापायचे. पाणी लावूनही रेशे उठेनासे झाले की तेल. तळहातानं चोळून, हात तापेपर्यंत, अगदी पातळ. एक थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही, घाईनं जाड लावलं की दस्ता कायम चिकट राहतो. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्याकडे ती पाण्याच्या बादलीत जातात. मुठीवरचं चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली चौकडीची नक्षी, शेवटी, इंचाला वीस रेषा. ते शिवाप्पा अण्णाच करतात, आणि त्यांच्यासारखा रेषेचा हात मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या काही वर्षांत कामाचा मोठा भाग एअर रायफलीकडे सरकलाय. कोल्हापूर आपल्या शेजारचं. 2010 मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. तेव्हापासून निपाणी, चिक्कोडी, गडहिंग्लजकडची मुलं-मुली रायफल घेऊन येतात. 4.5 मिलीमीटरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून आईवडील धजावतात. पण दस्ते प्रौढ माणसाच्या मापाचे. बारा-तेरा वर्षांची पोर तो दस्ता खांद्याला लावायला मान पुढे ताणते, गाल वर उचलते, आणि प्रशिक्षक ओरडतात की स्थिती चुकतेय. स्थिती चुकत नसते, लाकूड चुकत असतं. आम्ही दस्ता आखूड करतो, गालाचा तुकडा उंचावतो, आणि वाढत्या वयासाठी मागे चकत्या बसवायची सोय ठेवतो. 10 मीटरच्या स्पर्धेत रायफल साडेपाच किलोच्या वर चालत नाही, तेव्हा जोडलेला प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवूनच जोडायचा. या मुलांकडून आम्ही मजुरी कमी घेतो आणि ते मी अभिमानानं सांगतो.

बाबा आता शेडमध्ये कमी येतात, पण आले की आधी काजळीचे ठिपके बघतात. दोन तरुण पोरं शिकतायत, एक मच्छेचा, एक खासबागचा. दोघांनाही मी पहिलं वर्ष फक्त धार लावायला आणि पॅटर्नचे जुने तुकडे जोडायला दिलं. मशीनवर कोरलेले दस्ते बाजारात मिळतात, चांगलेही असतात. पण शेवटचा अर्धा मिलीमीटर प्रत्येक रायफलीचा वेगळा, आणि तो हातानंच काढावा लागतो.

तेलकाम आम्ही मृगापासून नवरात्रापर्यंत बंद ठेवतो, त्या हवेत ते सुकत नाही. कुणाला दस्ता करून घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर या. परवाना सोबत आणा, फळी स्वतः निवडा, आणि डॉक्टरांसारखं स्वतः बसायचं असेल तर रविवारी सकाळी शेड उघडी असते.