क्लिनिकमधला आकडा आणि घरचा आकडा

बंडू हा आमचा बोका. नसबंदी झालेला, वजन सात किलोंच्या वर, वय दहाच्या पुढे, म्हणजे मधुमेहाला लागणारी सगळी पात्रता अंगी असलेला. ढसाढसा पाणी पिणं, ट्रेमधल्या वाळूत लाडवाएवढे गोळे आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवत चालणं, एवढ्यावर डॉक्टरांनी ओळखलं. निदान झालं, ग्लार्जिन इन्सुलिन सुरू झालं, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई द्यायलाही मी शिकले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते साखर मोजण्यापाशी.

इन्सुलिनचा डोस बरोबर आहे का हे बघायला 'कर्व्ह' काढतात. म्हणजे सकाळी खाणं आणि सुई देण्याआधी एकदा, मग संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी साखर मोजायची. त्यासाठी बोक्याला दिवसभर क्लिनिकमध्ये ठेवायचं, हा तिथला नियम. आता डोंबिवलीचे खड्डे, रिक्षा, आणि पिंजऱ्यात गळा काढून रडणारा बोका. तिथे पोचलं की दर वेळी तोच दोन पानी फॉर्म नव्याने भरायचा. नाव, वजन, लसी, 'प्राणी चावतो का'. फाईल समोर टेबलावर पडलेली, त्यात हे सगळं लिहिलेलं. "मॅडम, सिस्टीममध्ये फ्रेश लागतो." मग बंडूची रवानगी मागच्या खोलीत. शेजारच्या पिंजऱ्यात सलाइन लावलेला लॅब्रॉडॉर, समोर भुंकणारं पॉमेरेनियन.

संध्याकाळी हातात कागद. ३६२, ३८८, ३७५, ३९१. दिवसभर खालीच नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा (ते दर वेळी नवे) एकच निष्कर्ष: डोस पुरत नाही, वाढवा.

मांजर घाबरलं की अंगात ॲड्रेनलिन उसळतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. धडधाकट मांजराचीही साखर अशा वेळी दोनशे-तीनशेच्या पुढे जाऊ शकते. हे मी शोधून काढलेलं नाही, पशुवैद्यकाच्या पुस्तकांतलंच आहे. तो कागद साखरेचा नव्हता, लॅब्रॉडॉरचा होता. आणि त्या कागदावरून इन्सुलिन वाढवायचं म्हणजे घरी शांत झोपलेल्या मांजराची साखर पार तळाला न्यायची. मांजरांत मधुमेह कधीकधी माघारही घेतो, इन्सुलिनची गरज कमी होत जाते, त्यामुळे ही भीती पोकळ नव्हती.

म्हणून मी घरी मोजायला लागले. सासूबाईंचा ग्लुकोमीटर कपाटात होताच. पण माणसांचा मीटर मांजराच्या रक्तात साखर कमी दाखवतो. मांजराच्या रक्तातली जवळजवळ सगळी साखर प्लाझ्मात असते, लाल पेशींत अगदी थोडी. माणसात ती दोन्हींकडे वाटलेली असते आणि मीटरचं गणित माणसाचं. एकाच थेंबाला सासूबाईंच्या मीटरवर १४८ आले आणि प्राण्यांच्या मीटरवर २०१. प्राण्यांचा मीटर महाग, थेंब घ्यायच्या त्याच्या पट्ट्याही महाग, गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतही नाहीत. परवडत नसेल तर माणसांचाही चालतो, पण मग कायम तोच वापरायचा आणि डॉक्टरांना तसं सांगायचं.

घरचे आकडे आले २२०, १६५, ११८, १४०, १९५. हा खरा कर्व्ह, मधे खाली जाऊन परत वर येणारा. वही घेऊन क्लिनिकमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घरचं रीडिंग फाईलला लागत नाही." डॉक्टरांना भेटते म्हटलं, तर "मोठे डॉक्टर पाचनंतर". पाचला बसले, साडेसहाला कळलं की ते ऑपरेशनमध्ये आहेत. पुढच्या खेपेला मी मीटर, पट्ट्या आणि बंडू तिन्ही घेऊन गेले. निघण्याआधी घरी मोजलं, २१४. तपासणीच्या टेबलावर त्याच मीटरने, त्याच बाटलीतल्या पट्टीने मोजलं, ३९७. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि स्वतःच फ्रुक्टोसामिनची चाचणी लिहून दिली. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा सरासरी हिशेब सांगते, तासाभराच्या भीतीने बदलत नाही. रिपोर्ट माझ्या वहीच्या बाजूने आला. डोस होता तिथेच राहिला. तेव्हापासून आकडे व्हॉट्सॲपवर चालतात. काउंटरवरची मुलगी मात्र अजूनही फॉर्म पुढे सरकवते.

आता रक्त कसं काढायचं ते. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. तिच्यात नाही, ती आणि कड यांच्या मधल्या जागेत टोचायचं. कान गार असेल तर थेंब येणारच नाही. मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून कोमट करायचे आणि कानाला लावायचे. आधी आपल्या मनगटावर लावून बघायचे. कानामागे कापसाचा बोळा धरला की सुई आपल्या बोटात घुसत नाही. व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवला तर थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. स्पिरिट नको, झोंबतं आणि वासाने बोका पळतो. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून ठेवायची. झाल्यावर कापसाने क्षणभर दाबायचं, नाहीतर कान काळानिळा पडतो. आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता तांदळाचा मोजा कपाटातून काढला की बंडू स्वतःहून सतरंजीवर येऊन बसतो, याचा मला दहावीच्या निकालाइतका अभिमान आहे.

टोचायची सुई म्हणजे लॅन्सेट सुरुवातीला जाड बरी, २८ गेजची. टोचून टोचून कान सरावला की बारीक, ३० गेजचीही पुरते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: सिरिंज. आपल्याकडे मेडिकलवाले न विचारता लाल टोपणाची ४०ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची सिरिंज हातात देतात. आमचं ग्लार्जिन १०० युनिटचं आहे, त्याला नारिंगी टोपणाची १००चीच लागते. ४०च्या सिरिंजवर एका युनिटच्या रेघेपर्यंत ते भरलं तर अडीच युनिट जातात. "काकू, सगळ्या सारख्याच" असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. टोपण बघूनच पैसे द्या.

माणसं दंडावर चिकटवतात तो १४ दिवस साखर मोजणारा सेन्सरही मांजरांना लावतात. बंडूने मागच्या पायाने उचकटून सोफ्याखाली टाकला. शांत मांजर असेल तर जरूर विचारा.

साखर ६०च्या खाली गेली, किंवा मांजर झिंगल्यासारखं चालायला लागलं, तर परत मोजत बसू नका. गिळत असेल तर खायला द्या. नसेल तर ग्लुकोजचं दाट पाणी किंवा मध हिरड्यांवर चोळा, घशात ओतू नका, आणि डॉक्टरांना फोन लावत निघा. सुईआधीचा आकडा नेहमीपेक्षा बराच कमी आला तर सुई देण्याआधी विचारा. किती कमी म्हणजे कमी, हे आमच्या डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय, तुमच्याकडूनही तसं लिहून घ्या. आणि पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच.